बँक फ्रॉडच्या केसमध्ये ‘बॅड फेथ’वर प्रत्यार्पणाला आव्हान द्यायचंय? लंडनच्या कोर्टासाठी फाइल या क्रमानं लावा

भारतातल्या बँक फ्रॉडच्या केसमध्ये कुणाला लंडनला अटक झाली की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हे सगळं सूडानं चाललंय". असेलही तसं. प्रत्यार्पण म्हणजे एका देशानं दुसऱ्याकडून आरोपी ताब्यात मागणं, आणि ती मागणीच वाईट हेतूनं केली आहे हे म्हणणं म्हणजे ‘बॅड फेथ’चा मुद्दा. पण हेच वाक्य जसंच्या तसं कोर्टात नेलं तर ते तिथल्या तिथे पडतं, आणि पुढे कधी खरा पुरावा हातात आला तरी जजचं मत एव्हाना बनलेलं असतं. मी वकिलांसाठी भारतातले कागद मिळवून, भाषांतर करून घेऊन फाइल लावायचं काम करतो. त्याच त्याच चुका इतक्यांदा बघितल्यात की आता सगळं क्रमानं लिहून काढतोय.

हा लेख मुख्यतः इंग्लंडमधल्या प्रक्रियेवर आहे, शेवटी थोडं उलट बाजूचं, म्हणजे परदेशानं भारताकडे माणूस मागितला तर काय, ते. हे वाचून स्वतःच केस चालवायला जाऊ नका, फक्त प्रत्यार्पणाचंच काम करणारा सॉलिसिटर लागतोच. त्याला योग्य वेळी योग्य कागद देता यावा एवढ्यासाठी हे वाचा.

टप्पा १: वाईट हेतू नक्की कुणाचा, ते आधी ठरवा

इथेच निम्म्या केसेस चुकतात. बँक फ्रॉडमध्ये माणसाचा राग तीन जणांवर असतो. एक बँक, जिनं स्वतःचे अधिकारी वाचवायला सगळं त्याच्या गळ्यात घातलं. दुसरी तपास यंत्रणा, म्हणजे सीबीआय, ईडी, मुंबई पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा. आणि तिसरे राजकारणी, जे टीव्हीवर त्याला आधीच चोर ठरवून मोकळे झाले. लंडनचं कोर्ट विचारतं ते एवढंच, की प्रत्यार्पण मागणाऱ्या सरकारनं किंवा त्याच्या प्रॉसिक्युटरनं, म्हणजे सरकारी वकिलानं, ही *मागणी* वाईट हेतूनं केली आहे का. बँकेच्या मॅनेजरनं खोटा जबाब दिला असेल तर तो मुंबईच्या खटल्यात उलटतपासणीचा विषय आहे, लंडनला त्यावर फारसं काही होत नाही.

कसोटी कुठून आली ते माहीत असलेलं बरं. नॅटवेस्ट बँकेच्या तीन ब्रिटिश बँकर्सना अमेरिकेनं एन्रॉनशी जोडलेल्या फसवणुकीसाठी मागितलं होतं. त्या केसमध्ये (तिघांतल्या एकाच्या आडनावावरून ‘बर्मिंगहॅम’) २००६ मध्ये तिथल्या हायकोर्टानं सांगितलं की आपल्या कोर्टाचा गैरवापर थांबवायचा अधिकार जजला आहेच, आणि उदाहरणही दिलं: प्रॉसिक्युटरला आपल्याकडे खरी केस नाही हे ठाऊक असूनही तो भलत्याच उद्देशानं मागणी रेटतोय, आणि त्यासाठी सोबतचे कागद निवडून-वेचून पाठवतोय, तर तो गैरवापर. हे दोन भाग लक्षात ठेवा, *ठाऊक असणं* आणि *भलता उद्देश*. त्या तिघांना हे दाखवता आलं नाही आणि जुलै २००६ मध्ये त्यांना टेक्सासला पाठवलं गेलं.

तपासून घ्या: एका कागदावर एकच वाक्य लिहा, "अमुक अधिकाऱ्यानं, अमुक तारखेला, अमुक गोष्ट माहीत असताना, अमुक केलं किंवा लपवलं". वाक्य पुरं होत नसेल, कर्त्याच्या जागी "सिस्टीम" किंवा "सरकार" असंच येत असेल, तर तुमच्याकडे अजून बॅड फेथची केस नाही. राग आहे, तो खराही असेल, पण केस नाही.

टप्पा २: मुद्दा कुठल्या खणात बसतो ते बघा

ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यात "बॅड फेथ" या नावाचं कलमच नाही. मुद्दा तीनपैकी कुठल्या तरी खणात ठेवावा लागतो, आणि प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे.

पहिला खण कलम ८१. इथं म्हणायचं असतं की मागणी खरं तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, लिंग, लैंगिक कल किंवा राजकीय मतं यांच्यामुळे केली आहे, किंवा त्या कारणानं खटल्यात नुकसान होऊ शकतं. यादी एवढीच आहे. "मी श्रीमंत आहे म्हणून", "मी बदनाम आहे म्हणून", "निवडणुका जवळ आल्या म्हणून" हे त्या यादीत नाही. राजकीय मतं म्हणायची तर ती कुठली, कधी मांडली, कुणाला खुपली हे दाखवावं लागतं. या कलमाच्या दोन भागांत फरक आहे आणि तो बरेच जण विसरतात. मागणीमागचा हेतू सिद्ध करायला शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूला झुकावं लागतं, पण पुढे खटल्यात नुकसान होण्याच्या भीतीसाठी कसोटी सौम्य आहे, तशी गंभीर शक्यता दाखवली तरी पुरतं.

दुसरा खण कोर्टाच्या प्रक्रियेचा गैरवापर, म्हणजे अब्यूज ऑफ प्रोसेस. बर्मिंगहॅमचा मुद्दा इथं बसतो. हा कायद्यात लिहिलेला नाही, कोर्टांनी निकालांतून घडवलेला आहे, म्हणून जज तो सहजासहजी मान्य करत नाहीत. कायद्यातल्या एखाद्या कलमानं काम होत असेल तर ते आधी वापरा असंच तुम्हाला सांगितलं जातं.

तिसरा खण कलम ८७, मानवी हक्क. खटला निष्पक्ष होईल का, तुरुंगात काय होईल, हे सगळं इथं. काटेकोर अर्थानं हे बॅड फेथ नव्हे, तरी घरचे लोक जे "सूड" म्हणून सांगतात त्यातलं बरंचसं खरं तर या खणातलं असतं.

सावधान: एकच गोष्ट तिन्ही खणांत जशीच्या तशी चिकटवू नका. मंत्र्याचं एक भाषण कलम ८१ ला पण, गैरवापराला पण आणि निष्पक्ष खटल्याला पण जोडलं की जजला कळतं की यांच्याकडे एकच गोष्ट आहे.

टप्पा ३: अटकेनंतरचे पहिले दिवस

क्रम असा असतो. भारताची मागणी परराष्ट्र मंत्रालयाकडून ब्रिटनच्या होम ऑफिसकडे (गृह मंत्रालयाकडे) जाते, तिथून कलम ७० चं प्रमाणपत्र निघतं, मग वॉरंट, अटक, आणि वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्ट. तिथं भारताच्या वतीनं क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिसचे, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलांच्या यंत्रणेचे, वकील उभे राहतात. पहिल्याच दिवशी विचारलं जातं, जायला संमती आहे का?

सावधान: लेखी संमती दिली की ती मागे घेता येत नाही. "आत्ता हो म्हणतो, नंतर बघू" असं इथं चालत नाही.

मग जामीन. हा विषय बॅड फेथशी जोडलेला नाही असं वाटतं, पण जोडलेला आहे. विजय मल्ल्यांना १८ एप्रिल २०१७ ला अटक झाली आणि त्याच दिवशी साडेसहा लाख पौंडांच्या हमीवर जामीन मिळाला. नीरव मोदींना मार्च २०१९ मध्ये अटक झाली, त्यांनी पुन्हा पुन्हा अर्ज केले, हमीची रक्कम वाढवत नेली, तरी जामीन मिळाला नाही, आणि नाकारण्याच्या कारणांत साक्षीदारांवर दबाव आणि पुरावा नष्ट करण्याचे आरोपही होते. एकदा जजच्या मनात हे बसलं की समोरच्या सरकारवर वाईट हेतूचा आरोप करणारा माणूसच संशयाच्या भोवऱ्यात येतो. म्हणून या काळात जुन्या कर्मचाऱ्यांना, बँकेतल्या ओळखीच्यांना, ऑडिटरला एकही फोन करायचा नाही, घरच्यांनीही नाही, "फक्त विचारपूस केली" असंही नाही. जे विचारायचं ते वकिलामार्फत.

टप्पा ४: कागद, आणि सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या

एकदा एक कुटुंब माझ्याकडे दोन मोठ्या पिशव्या भरून व्हॉट्सॲपचे प्रिंटआउट आणि पेपरची कात्रणं घेऊन आलं होतं. त्यात बँकेचं मंजुरीपत्र नव्हतं, एफआयआरची सर्टिफाइड कॉपीसुद्धा नव्हती. दीड महिना निव्वळ ते मिळवण्यात गेला आणि तोपर्यंत लेखी मुद्दे द्यायची तारीख उरावर आली होती. कायद्यानं पहिल्या हजेरीपासून दोन महिन्यांत सुनावणी सुरू व्हायची असते, मोठ्या केसेसमध्ये तारीख पुढे मिळते हे खरं, पण ती मिळेलच असं धरून बसू नका.

कागद दोन गठ्ठ्यांत लावा. पहिला *व्यवहाराचा*: कर्जाचा अर्ज, मंजुरीपत्र, तारण आणि हमीचे कागद, स्टॉक स्टेटमेंट, बँकेशी झालेले सगळे इमेल, फॉरेन्सिक ऑडिटचा अहवाल, वन टाइम सेटलमेंटची पत्रं, बँकेनं खातं फ्रॉड म्हणून जाहीर केल्याची नोटीस. दुसरा *तपासाचा*: एफआयआर, चार्जशीट, साक्षीदारांचे जबाब (जुन्या केसेसमध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ चे, १ जुलै २०२४ नंतरच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० चे), पंचनामे, मुंबईच्या कोर्टातला रोजनामा, जामीन अर्जांवरचे आदेश.

दोन्ही गठ्ठे तयार झाले की एकच टाइमलाइन करा, एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात कागद, आणि तिसऱ्या रकान्यात लिहा की *भारतानं लंडनला पाठवलेल्या फाइलमध्ये हा कागद आहे की नाही*. हा तिसरा रकाना म्हणजेच तुमची केस. बॅड फेथ बहुतेक वेळा जे पाठवलं नाही त्यात सापडतो. समजा बँकेच्या क्रेडिट कमिटीला तोट्याची सगळी माहिती होती असं टिपण चार्जशीटसोबत मुंबईच्या कोर्टात आहे, पण लंडनच्या फाइलमधून ते गायब आहे, आणि तुमच्यावर तोच तोटा लपवल्याचा आरोप आहे. हा मुद्दा झाला. इथं मागणी करणाऱ्या देशावर प्रामाणिकपणे, काही न लपवता मांडण्याचं कर्तव्य असतं, आणि नेमकं बोट तुम्हाला तिथं ठेवायचंय. मात्र नेहमीच्या खटल्यासारखं "सगळे कागद दाखवा" असा सरसकट हक्क प्रत्यार्पणात मिळत नाही, म्हणून तुमचे कागद तुम्हालाच भारतातून आणावे लागतात.

मुंबई पोलिसांचे पंचनामे, स्टेशन डायरीच्या नोंदी, बऱ्याच ठिकाणी जबाबसुद्धा मराठीत असतात. त्यांचं भाषांतर घरच्या कुणाकडून करून घेऊ नका. सर्टिफाइड भाषांतर लागतं, आणि भाषांतरकारानं "समक्ष", "कबूल केलं", "निवेदन केलं" असल्या पोलिसी मराठीतला फरक नीट पकडलाय का ते मराठी वाचणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या. "सांगितलं"चं "कबुली दिली" झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते आमच्याच बाजूच्या भाषांतरात होतं.

आता ज्या गोष्टी बॅड फेथ वाटतात पण तेवढ्यावर भागत नाही, त्या सांगतो.

बँकेनं सुनावणी न देता खातं फ्रॉड जाहीर केलं. मार्च २०२३ मध्ये स्टेट बँक विरुद्ध राजेश अग्रवाल या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कर्जदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आणि रिझर्व्ह बँकेनं जुलै २०२४ च्या निर्देशांत उत्तराला किमान २१ दिवस ठेवले. ते मोडलं असेल तर भारतात हायकोर्टात जरूर जा, लंडनला तो कागद पार्श्वभूमी म्हणून द्या, पण बँकेची चूक म्हणजे प्रॉसिक्युटरचा वाईट हेतू असं समीकरण जज मानत नाहीत.

"मी पैसे परत द्यायला तयार होतो." फसवणुकीच्या आरोपात प्रश्न कर्ज *घेताना* काय सांगितलं हा असतो. नंतरची तयारी शिक्षेच्या वेळी उपयोगी पडेल, आरोप त्यानं मिटत नाही.

"सगळे जबाब एकसारखे टाइप केलेत." खरंच असतात, तीच वाक्यं, त्याच चुका. मल्ल्यांच्या वकिलांनीही हा मुद्दा घेतला होता. पण जबाब बाजूला ठेवले तरी बँकेच्या आतले इमेल आणि मंजुरीची टिपणं उरतात, ती स्वतःच्या पायावर उभी असतील तर केस त्यानं कोसळत नाही. तेव्हा आधी हे बघा की जबाब काढून टाकले तर मागे काय राहतं.

टप्पा ५: तज्ज्ञ निवडताना

भारतीय कायदा, तपास यंत्रणांवरचा राजकीय दबाव, तुरुंग, मानसिक आरोग्य, प्रत्येकाला वेगळा तज्ज्ञ लागतो. इथं नावाला भुलण्याची चूक सर्रास होते. नीरव मोदींच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांची साक्ष झाली, भारतात न्याय मिळणार नाही असं त्यांचं मत होतं. २५ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात डिस्ट्रिक्ट जज सॅम्युअल गूझी यांनी ती साक्ष वस्तुनिष्ठ आणि भरवशाची मानली नाही. जुन्या सहकाऱ्यांविषयीची नाराजी त्यात दिसते असं म्हटलं, आणि साक्षीच्या सुमाराला मीडियाशी बोलण्यावरही नापसंती नोंदवली. एवढ्या मोठ्या पदावरून आलेल्या माणसाची साक्षसुद्धा अशी बाजूला पडू शकते.

तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य कोर्टाशी असतं, पैसे देणाऱ्याशी नाही. त्याला तुमच्या विरुद्ध जाणारी माहितीही अहवालात लिहावी लागते. तो म्हणाला की "हा भाग नको, आपल्याला त्रास होईल", तर तोच माणूस बदला.

तपासून घ्या: तज्ज्ञानं *तुमची* फाइल वाचलीये का? "सीबीआयवर राजकीय दबाव असतो" हे सर्वसाधारण मत झालं. त्यातून "म्हणून या एफआयआरमध्ये, या तारखेला, दबाव आला" इथपर्यंतचा पूल त्याला बांधता आला पाहिजे. मल्ल्यांच्या केसमध्ये लंडनच्या प्राध्यापकांची साक्ष झाली, सीबीआयच्या वरिष्ठ अधिकाऱ्यावरचे आरोप मांडले गेले, पुढाऱ्यांची वक्तव्यं दाखवली गेली. १० डिसेंबर २०१८ ला जज एमा आर्बथनॉट यांनी निकाल दिला तेव्हा त्यातून केस खोट्या हेतूनं उभी केल्याचं त्यांना काही दिसलं नाही. कमी पडला तो हा पूल.

टप्पा ६: गैरवापराचा मुद्दा मांडायच्या चार पायऱ्या

याचा क्रम २००६ च्या टॉलमन केसमध्ये ठरवून दिलाय, ती अमेरिकेनं मागितलेल्या एका हॉटेल व्यावसायिक कुटुंबाची केस होती. जज याच क्रमानं जातात, म्हणून लेखी मुद्देही याच क्रमानं लिहा.

१. गैरवापर कुठलं वर्तन, ते नेमकं सांगायचं. टप्पा १ चं ते एक वाक्य इथं लागतं.

२. ते खरं धरलं तर गैरवापर *ठरू शकतो* का? बऱ्याच केसेस इथंच संपतात, कारण सांगितलेलं वर्तन खरं असलं तरी ते तपासातली हलगर्जी असते, हेतू नसतो.

३. तसं घडलं असावं असं मानायला वाजवी आधार आहे का? इथं तुमचा तिसरा रकाना पुढे ठेवायचा.

४. आधार असेल तर मग असा गैरवापर झालेला नाही याची खात्री जजनं करून घ्यायची असते, आणि ती पटल्याशिवाय पुढे जायचं नसतं. म्हणजे इथं पोचलात की समोरच्या बाजूला उत्तर द्यावंच लागतं, कागद मागवले जाऊ शकतात. हीच खरी जागा आहे, आणि लोक घाईत थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात, "आधी त्यांना खुलासा करायला लावा" म्हणतात, तो अर्ज फेटाळला जातो.

याच कुटुंबातल्या एकाची केस कॅनडात चालली. तिथं अमेरिकी प्रॉसिक्युटरनं प्रत्यार्पणाची रीतसर वाट टाळून इमिग्रेशनच्या मार्गानं त्याला ताब्यात घ्यायचा प्रयत्न केल्याचं पुढे आलं आणि ओंटारिओच्या कोर्टानं २००६ मध्ये ती कारवाईच थांबवली. तिथं माणूस ठरलेला होता, कृती ठरलेली होती, ती कागदावर होती. बॅड फेथ असा जिंकला जातो.

टप्पा ७: सुनावणीत बॅड फेथला एकटं सोडू नका

भारताला अजूनही लंडनमध्ये प्रथमदर्शनी केस दाखवावी लागते, कलम ८४ खाली. अमेरिकेला ती सूट आहे, भारताला नाही. हे मोठं संरक्षण आहे, आणि "हे सगळं राजकीय आहे" या नादात लोक ते अर्धवट लढतात. खरं तर दोन्ही मुद्दे एकमेकांना धरून आहेत, कारण केसमध्ये दम नाही हे दाखवता आलं तरच "दम नाही हे माहीत असून मागणी केली" या वाक्याला वजन येतं. उलट प्रथमदर्शनी केस भक्कम निघाली तर हेतूचा मुद्दा जवळपास संपतो.

तुरुंगाचा मुद्दा वेगळा तयार करा. महाराष्ट्रातल्या केसमध्ये बहुधा आर्थर रोडची बरॅक नंबर १२ समोर येते. मल्ल्यांच्या वेळी जजनं तिचा व्हिडिओ मागवून बघितला होता, नीरव मोदींच्या वेळीही तीच बरॅक आणि तिच्याविषयी भारतानं दिलेली आश्वासनं. म्हणजे "भारतातले तुरुंग वाईट" एवढं म्हणून भागत नाही, *त्या* बरॅकविषयी आणि *त्या* आश्वासनाविषयी बोलावं लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतानं मागितलेल्या संजय भंडारी या शस्त्रास्त्र सल्लागाराला लंडनच्या हायकोर्टानं सोडलं, तेव्हा तिहारमध्ये कैद्यांकडून किंवा कर्मचाऱ्यांकडून खंडणी आणि मारहाणीचा धोका हा निकालातला मोठा भाग होता.

सावधान: चांगला पुरावा अपिलासाठी राखून ठेवू नका. खालच्या कोर्टात उपलब्ध असलेला पुरावा वरच्या कोर्टात नव्यानं घेत नाहीत, आणि घेतला तरी निकाल फिरवेल इतका निर्णायक असावा लागतो.

टप्पा ८: होम सेक्रेटरी आणि अपील

जजनं केस पुढे पाठवली की चार आठवड्यांत होम सेक्रेटरीकडे (ब्रिटनच्या गृहमंत्र्यांकडे) लेखी म्हणणं देता येतं. इथं लोक पुन्हा सगळी सूडाची कहाणी लिहून पाठवतात, आणि ती वाया जाते. होम सेक्रेटरी मोजक्याच गोष्टी बघतात: फाशीची शक्यता, ज्या गुन्ह्यासाठी नेलं त्याच गुन्ह्यासाठी खटला चालेल का, आणि आधी दुसऱ्या देशातून किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून इथं आणलंय का. मानवी हक्क आणि हेतू हे त्यांच्या हातात नाहीत. तेव्हा तुमच्या केसमध्ये दुसऱ्या मुद्द्याला जागा असेल, म्हणजे एका एफआयआरवर मागून पाच एफआयआरमध्ये खटला चालवायची शक्यता दिसत असेल, तर तेवढंच, मुद्देसूद लिहा.

त्यांचा आदेश कळवला की अपिलाची नोटीस १४ दिवसांत. दिवस मोजताना आदेश कळल्याचा दिवसही धरा. अपिलाला आधी परवानगी लागते आणि ती *मुद्दानिहाय* मिळते. मल्ल्यांना जुलै २०१९ मध्ये तोंडी सुनावणीत परवानगी मिळाली ती फक्त प्रथमदर्शनी केसच्या मुद्द्यावर, हेतूचा मुद्दा तिथंच गळला. ते अपील २० एप्रिल २०२० ला फेटाळलं गेलं आणि ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा दरवाजा मे महिन्यात बंद झाला. नीरव मोदींना ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी मिळाली ती मानसिक आरोग्याच्या मुद्द्यांवर, तेही अपील ९ नोव्हेंबर २०२२ ला फेटाळलं गेलं. दोन्हीकडे हेतूचा मुद्दा खालच्या कोर्टाच्या पुढे गेलाच नाही, म्हणून म्हणतो की जी काय ताकद लावायची ती वेस्टमिन्स्टरला लावा.

मध्येच येणारी रेड नोटीस

इंटरपोलच्या फाइल तपासणाऱ्या आयोगाकडे अर्ज करून रेड नोटीस (माणूस शोधून ताब्यात ठेवा अशी देशोदेशीच्या पोलिसांना केलेली विनंती) रद्द करून घेता येते, आणि तिथं राजकीय हेतूचा मुद्दा ऐकला जातो. पण ती रद्द झाली म्हणजे सुटलो असं नाही. मेहुल चोक्सींची रेड नोटीस नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द झाली, तरी एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली, कारण देश-देशातली मागणी नोटिशीवर अवलंबून नसते. आयोगाचा निर्णय कोर्टात एक कागद म्हणून द्या, त्यावर सगळी केस टांगू नका.

उलट बाजू: परदेशानं भारताकडे माणूस मागितला तर

आखातात किंवा आणखी कुठे बँकेचं कर्ज होतं, माणूस गावी परतलाय, आणि मागणी आली. इथं भारताचा १९६२ चा प्रत्यार्पण कायदा लागतो, आणि गंमत नाही, त्यात बॅड फेथचं कलम स्पष्ट शब्दांत आहे. कलम २९: मागणी सद्भावनेनं किंवा न्यायाच्या हितासाठी केलेली नसेल, किंवा राजकीय कारणानं असेल, तर कारवाई थांबवून माणसाला सोडता येतं. चूक होते ती पत्त्याची. हा अधिकार केंद्र सरकारचा आहे, मॅजिस्ट्रेटचा नाही. मॅजिस्ट्रेट कलम ७ खाली प्रथमदर्शनी केस आहे का आणि गुन्हा राजकीय आहे का ते बघतो, त्याच्यापुढे तासभर सद्भावनेवर बोललात तरी तो त्या कलमाखाली सोडू शकत नाही.

मग करायचं काय? चौकशी सुरू असतानाच परराष्ट्र मंत्रालयाला कलम २९ चा सविस्तर अर्ज द्या, पोच घ्या. आणि मॅजिस्ट्रेटनं माणसाला तुरुंगात पाठवून सरकारला अहवाल धाडायची वेळ आली तर त्यासोबत तुमचं लेखी निवेदन जोडायचा हक्क कलम ७ मध्येच दिलाय, तो सोडू नका. ते निवेदन आधीच टाइप करून वकिलाच्या फाइलमध्ये हवं, कारण आदेशाच्या दिवशी कोर्टात बसून ते लिहिता येत नाही. सरकारनं अर्जाकडे न बघताच पाठवायचं ठरवलं तर हायकोर्टात रिटमध्ये पहिला प्रश्न हाच येतो, की तुम्ही हे सरकारला कधी आणि कुठल्या कागदावर सांगितलं होतं.

तुरुंगात पाठवल्याची तारीखही मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कलम २४ प्रमाणे त्यानंतर दोन महिन्यांत माणसाला देशाबाहेर नेलं नाही, तर केंद्र सरकारला रीतसर नोटीस देऊन सुटकेसाठी हायकोर्टात अर्ज करता येतो, आणि उशिराला पुरेसं कारण दाखवता आलं नाही तर कोर्ट सोडू शकतं. ती नोटीस दोन महिने भरण्याच्या आधीच तयार करून ठेवायची.